दोनदा फॉरमॅट झालं, आता नानांना काय सांगू?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक सदतीस वर्षांचे, पुण्यात नोकरीला. वडील, म्हणजे नाना, निवृत्त शिक्षक, माणदेशातल्या एका गावात राहतात. गेली अकरा वर्षं ते १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा करताहेत. त्र्याहत्तर माणसांची रेकॉर्डिंग, लोकांच्या घरातल्या मोडी कागदांचे फोटो, स्वतः टाइप केलेली टिपणं असं सगळं एक टीबीच्या एकाच ड्राइव्हवर होतं. गणपतीत पत्रलेखकांनी टीव्हीवर सिनेमा लावायला तो ड्राइव्ह सेट-टॉप बॉक्सला जोडला. पडद्यावर काहीतरी प्रश्न आला, यांनी रिमोटवर ओके दाबलं, आणि ड्राइव्ह रिकामा दिसू लागला. ‘व्हायरस आहे, पुण्याला नेऊन काढून आणतो’ असं सांगून ते तो घेऊन आले. लॅपटॉपने ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ म्हटलं, तेही त्यांनी केलं. मग एका मोफत सॉफ्टवेअरमधून सातशेच्या आसपास फोटो मिळाले, ते त्याच ड्राइव्हवर साठवले. फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे. रेकॉर्डिंग एकही नाही. मित्र म्हणतो, दोनदा फॉरमॅट झालं म्हणजे विषय संपला. एक दुकानदार म्हणतो, ठेवून जा, बघतो. पत्रलेखक विचारतात: तसाच दिसणारा दुसरा ड्राइव्ह घ्यावा आणि जे मिळालं ते त्यात भरून नानांना द्यावं का? ‘त्यांना कळलं तर ते मला काही बोलणार नाहीत, आणि तेच मला नकोय.’

हे वाचताना तो ड्राइव्ह लॅपटॉपला जोडलेला असेल तर आधी काढा. मग पुढचं वाचा.

तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर नाही. फॉरमॅट या शब्दाचा धसका आपण उगाच घेतो. शाळेचं जनरल रजिस्टर जळालं म्हणून वर्गात बसलेली पोरं नाहीशी होत नाहीत. कोण कुठल्या बाकावर बसलंय हे ऑफिसात सांगता येत नाही, इतकंच. ड्राइव्हवरही एक रजिस्टर असतं. कुठली फाइल, तिचं नाव काय, ती कुठून कुठपर्यंत पसरली आहे, याच्या नोंदी त्यात असतात. घाईचा फॉरमॅट, ज्याला विंडोज ‘क्विक’ म्हणतं, तो नवं कोरं रजिस्टर टाकतो. बाकांना हात लावत नाही.

तुमचा फॉरमॅट घाईचाच होता हे मी इथे बसून कसं सांगतो? वेळेवरून. एक टीबीचा साधा पोर्टेबल ड्राइव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचा तर सेकंदाला शंभर एमबीच्या वेगानेही पावणेतीन तास लागतात. बॉक्सने तुमचा ड्राइव्ह सिनेमा लावण्याइतक्या वेळात ‘तयार’ केला आणि लॅपटॉपनेही मिनिटाच्या आत. तेवढ्यात सगळं पुसणं त्या यंत्रांच्या हातात नव्हतं. तुमच्यासारखी चूक झालेल्या प्रत्येकाने हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावा: किती वेळ लागला? तासन्‌तास लागले असतील तर मात्र आशा धरू नका. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, आणि एकदा वर लिहिलं गेलेलं परत आणून देण्याचा दावा कुणी केला तर पैसे खिशातच ठेवा.

तेव्हा खरं नुकसान फॉरमॅटने झालं ते थोडं. बाकीचं ते सातशे फोटो तुम्ही परत त्याच ड्राइव्हवर साठवलेत तेव्हा झालं. रागावण्यासाठी म्हणत नाही. घाबरलेला माणूस हेच करतो. बहिणीच्या साखरपुड्याचं कार्ड मी रिकामं करून बसलो होतो तेव्हा मीही हेच केलं होतं, आणि त्यातले जेवणाच्या पंगतीचे फोटो कायमचे गेले. (जावयाच्या आत्याला अजून वाटतं, मी त्यांचे मुद्दाम वगळले.) पण नेमकं काय बिघडलं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नानांचा ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस पद्धतीचा होता, म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने फाइलींचं रजिस्टर ठेवतं त्या पद्धतीचा. या पद्धतीत रजिस्टरची जागा साधारण ठरलेली असते, मोठ्या ड्राइव्हवर सुरुवातीपासून तीन जीबीच्या आसपास, आणि प्रत्येक फाइलची नोंद एक केबीची. तुम्ही लॅपटॉपवर परत एनटीएफएसच केलंत असं धरू. मग नवं रजिस्टर जुन्याच्या डोक्यावर येऊन बसलं, पण पहिल्या काही पानांवरच. त्यानंतर साठवलेल्या एकेका फोटोने जुनी एकेक नोंद खाल्ली असणार. सातशे फोटो म्हणजे सातशे नोंदी आणि थोड्या वर, त्याही बहुधा सर्वांत जुन्या. नोंद गेली म्हणजे नाव आणि फोल्डर गेलं. आवाज गेला असं नाही. आणि त्या फोटोंनी स्वतः किती जागा दाबली? एकेक तीन एमबीचा धरला तर दोन जीबी. हजार जीबीतले दोन.

आता बॉक्सकडे वळू, कारण त्याबद्दल तुम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही. ओके दाबल्यावर ड्राइव्ह बॉक्सला किती वेळ जोडलेला राहिला? तुम्ही हबकून लगेच उपटला, की तो तसाच राहिला आणि घरच्यांनी आरती होईपर्यंत मालिका बघितली? बऱ्याच बॉक्समध्ये चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता येतो. त्यासाठी बॉक्स मुकाट्याने ड्राइव्हवर लिहीत असतो, तुम्ही रेकॉर्ड दाबा अगर न दाबा. दोन तास मालिका चालली असेल तर काही जीबी त्याखाली गाडले गेले असतील. शिवाय या बॉक्सच्या पोटात विंडोजऐवजी बहुधा लिनक्स ही दुसरी प्रणाली असते, आणि लिनक्सच्या काही पद्धती आपल्या नोंदी एका जागी न ठेवता ड्राइव्हभर थोड्याथोड्या अंतरावर पेरतात. त्यामुळे मधल्याच एखाद्या फाइलला भोक पडलेलं सापडलं तर दचकू नका.

मग रेकॉर्डिंग एकही का मिळालं नाही? सॉफ्टवेअरला फक्त फोटो शोधायला सांगितलं असणार. काहींत तीच निवड आधीपासून केलेली असते. शोधायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत सॉफ्टवेअर जुन्या रजिस्टरची उरलेली पानं हुडकतं आणि त्यावरून नावांसकट, फोल्डरांसकट मांडणी उभी करतं. दुसरीत ते रजिस्टरकडे बघतच नाही. ड्राइव्हचा कण न्‌ कण चाळून ‘इथे फोटो सुरू होतोसं दिसतंय’ अशा खुणांवरून फाइली उचलतं. आकड्यांची नावं येतात ती या दुसऱ्या तऱ्हेने. तुम्ही थेट दुसरीवर गेलात. पहिली अजून करून बघितलेलीच नाही, आणि तुमच्या बाबतीत तीच जास्त फळेल असं मला वाटतं.

पण मूळ ड्राइव्हवर नाही. आधी त्याची प्रत काढायची, आणि ती फाइली ओढून नेण्यासारखी कॉपी नव्हे. ड्राइव्हच्या पहिल्या कणापासून शेवटच्यापर्यंत, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट उतरवलेली प्रतिमा. त्यासाठी दोन टीबीचा नवा ड्राइव्ह घ्या. एक टीबीचा घेऊ नका. एक टीबीची प्रतिमा एक टीबीच्या ड्राइव्हवर हटकून चार बोटं कमी पडते, शिवाय सापडलेल्या फाइली ठेवायला जागा नको का? डीएमडीई किंवा आर-स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा काढायची सोय आहे. लिनक्स येणारं कुणी ओळखीत असेल तर डीडीरेस्क्यू मोफत आहे, आणि तो कुठपर्यंत पोहोचला याची नोंद ठेवत जातो. मधेच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. यूएसबी ३ च्या पोर्टला तीन-चार तास धरा, जुन्या पोर्टला आठ-नऊ. मधे विंडोज मदतीला धावून येईल: ‘या डिस्कमध्ये गडबड आहे, तपासून दुरुस्त करू का?’ नाही म्हणा. एकदा प्रतिमा निघाली की मूळ ड्राइव्ह रुमालात गुंडाळून कपाटात. पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर, मग दहा वेळा चुकलात तरी काही बिघडत नाही.

प्रतिमा काढताना ड्राइव्ह टक-टक करू लागला, मधूनच गायब होऊ लागला किंवा वेग अगदीच मंदावला तर तिथेच थांबा. तो आजार वेगळा आहे, त्याला सॉफ्टवेअर चालत नाही. फ्रीजमध्ये ठेवण्याचे उपाय सुचवणारे भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

पहिल्या तऱ्हेचा शोध डीएमडीईने करून बघा. त्याची मोफत आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या चार हजारांपर्यंत फाइली परत काढून देते, आणि नानांच्या कामाला तेवढं पुरून उरेल. जे नावांसकट मिळेल ते आधी बाजूला काढा. मग उरलेल्यासाठी फोटोरेक, हे दुसऱ्या तऱ्हेने शोधणारं मोफत सॉफ्टवेअर. नावावर जाऊ नका, तो फोटोंखेरीज शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतो. फक्त कुठले प्रकार हवेत त्यावर खूण करा. विकतचं सॉफ्टवेअर घ्यावंसं वाटलं तर एक लक्षात ठेवा: बहुतेक जण शोध फुकट करू देतात आणि साठवायचे पैसे घेतात. साठवण्याआधी पाच-दहा फाइली उघडून, ऐकून बघा. नुसती लांबलचक यादी दिसली म्हणजे फाइली धड आहेत असं नसतं. आणि ‘क्रॅक’ केलेलं काही उतरवून घेऊ नका. नानांना थाप मारलेला तो व्हायरस मग खरोखर येईल.

इथे नानांच्या सामानाबद्दल दोन गोष्टी, ज्या सर्वसाधारण सल्ल्यात कुणी सांगणार नाही. पहिली आवाजांबद्दल. जुन्या व्हॉइस रेकॉर्डरची रेकॉर्डिंग एमपीथ्रीत असतील तर तुमचं नशीब चांगलं. एमपीथ्री म्हणजे ज्वारीचं कणीस समजा. मधले दाणे गळाले तरी उरलेले जागच्या जागी. पाच सेकंद खरखर होईल आणि म्हातारी पुढे बोलू लागेल. मोबाइलवरची एम-फोर-ए रेकॉर्डिंग तशी नसतात. त्यांची अनुक्रमणिका एकाच ठिकाणी, बरेचदा फाइलच्या शेवटी असते, आणि ती हरवली की उरलेला आवाज शाबूत असूनही फाइल उघडत नाही. अशा फाइली टाकून देऊ नका, बाजूला ठेवा. त्याच फोनवर केलेलं एखादं चांगलं रेकॉर्डिंग नमुन्याला घेऊन त्या दुरुस्त करणारी साधनं आहेत.

दुसरी टिपणांबद्दल. नाना अकरा वर्षं टाइप करताहेत आणि शाळेत नोकरीला असताना टायपिंग शिकलेत म्हणजे सुरुवातीची टिपणं आजच्या, सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नसून श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. तशी फाइल तुमच्या लॅपटॉपवर उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची गिचमीड दिसते. ती खराब झालेली नाही! फॉन्ट टाकला की मराठी उमटतं. ‘गार्बेज’ म्हणून असं काही तुम्ही आधीच उडवलं असेल तर ते परत शोधा.

दुकानदाराकडे द्यायचा का? ड्राइव्ह धड चालत असेल तर प्रतिमा काढेपर्यंत तरी नको. पुढे द्यावासा वाटलाच तर त्यांना विचारा: काम मूळ ड्राइव्हवर करणार की प्रतीवर, काही मिळालं नाही तर किती घेणार, आकडा लेखी देणार का, आणि आमच्या फाइलींची तुमच्याकडची प्रत कधी पुसणार. उत्तर देताना माणूस त्रासला तर दुसरं दुकान बघा. चालू ड्राइव्ह ‘खोलून बघतो’ म्हणाला तर ड्राइव्ह हातात घेऊनच बाहेर पडा. तुमचा घोटाळा नोंदींचा आहे, यंत्राचा नाही. आतली चकती उघड्यावर आणायचं काही कारण नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक कडू गोष्ट. हे सगळं फिरत्या चकतीच्या ड्राइव्हबद्दल झालं. एसएसडीला, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हला, फॉरमॅट करताना संगणक बहुधा ‘ही जागा आता मोकळी’ असा निरोप धाडतो. त्याला ट्रिम म्हणतात. तो पोहोचला की एसएसडी जुन्या मजकुराच्या जागी शून्यंच दाखवू लागतो. काही नव्या पोर्टेबल चकत्याही हा निरोप ऐकतात. एसएसडीच्या बाबतीत म्हणूनच केबल उपटायला उशीर नको, आणि अपेक्षाही बेताच्याच.

आता तुमचा मूळ प्रश्न. दुसरा ड्राइव्ह आणून, मिळेल ते भरून, मुकाट नानांच्या टेबलावर ठेवायचा का?

ठेवू नका. खोटं बोलणं वाईट वगैरे मी सांगणार नाही, व्हायरसच्या थापेने तुम्ही तो उंबरठा ओलांडलाच आहे. कारण व्यवहाराचं आहे. समजा सगळं मनासारखं झालं आणि उद्या तुमच्यासमोर शेकडो आवाज आले, नुसत्या आकड्यांच्या नावाचे. एक बाई सांगतेय, खडी फोडायला जाताना पोराला अफूची बोंडं उगाळून चाटवली. एक माणूस मिलोच्या, म्हणजे दुष्काळात आलेल्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीबद्दल बोलतोय. कोण आहेत हे? कुठल्या वाडीचे? रेकॉर्डिंग कधीचं? तुम्हाला सांगता येईल? फाइली परत काढून देणाऱ्या कुठल्याही लॅबला सांगता येईल? हे आवाज नुसते ऐकून ओळखणारा माणूस जगात एकच आहे आणि तुम्ही त्यालाच या कामातून वगळायला निघालात.

शिवाय चाळीसएक वर्षं हजेरी मांडलेला शिक्षक त्र्याहत्तर माणसांकडे जाऊन आला आणि त्याने वही ठेवली नाही, हे मला पटत नाही. नाव, गाव, तारीख, कदाचित किती मिनिटं बोलले तेही. ती वहीच तुमचं जळालेलं रजिस्टर आहे. फोटोंच्या पोटात काढल्याची तारीख असते, रेकॉर्डिंगची लांबी कळते. दोन्ही वहीशी ताडून बघितलं तर आकड्यांना नावं मिळत जातील. हे काम दोघांनी बसून करायचं आहे, आणि त्यातला अवघड भाग नानांचा आहे.

नानांच्या रक्तदाबाची तुम्ही लिहिलेली काळजी मी झटकत नाही. म्हणून फोनवर ‘सगळं गेलं’ असं सांगू नका, कारण ते खरंही नाही. आधी प्रतिमा काढा, नावांसकट निघालेली पाच-सहा रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घ्या, आणि शनिवारी गावी जा. जेवणं झाल्यावर एक लावा. मग सांगा: नाना, व्हायरस नव्हता, माझ्या हातून फॉरमॅट झालं, एवढं परत आलंय, बाकीचं शोधायला तुमची वही लागेल. ते काही बोलणार नाहीत, असं तुम्ही लिहिता. नाही बोलले तर नाही बोलले. तुम्ही न बोलण्यापेक्षा ते बरं. उलट ड्राइव्ह बदलून दिलात तर महिन्याभरात ते अमक्या म्हातारबाचं रेकॉर्डिंग शोधतील, सापडणार नाही, आणि त्यांना वाटेल की आपल्याच हातून कुठेतरी उडालं. त्या वयात माणसाला स्वतःच्या डोक्याबद्दल तशी शंका यायला लावणं, हे मात्र मला वाईट वाटतं.

नानांना सांगितल्यावर आणखी एक फायदा होईल. आत्ता तुम्ही ‘तीनशे जीबी गेलं’ म्हणून हादरला आहात. त्यांना विचारा, त्यात परत न मिळणारं किती? सेकंदाला १२८ किलोबिटचं (केबीपीएस) एमपीथ्री तासाला साधारण अठ्ठावन्न एमबी जागा घेतं. त्र्याहत्तर माणसं तासतासभर बोलली तरी सव्वाचार जीबी होतात. बाकीचं पुतण्यांनी भरलेले सिनेमे आणि कीर्तनं असणार. मोडी कागदांच्या मालकांकडे मूळ कागद आहेत, जमले तर पुन्हा फोटो काढता येतील. काही टिपणं नानांनी कुणाला तरी ईमेलने पाठवली असतील, कुठल्या दिवाळी अंकाला, कुठल्या प्राध्यापकाला. त्यांच्या ‘पाठवलेले’मध्ये बघा. एखाद्याच्या नातवाने ‘आजोबांचा आवाज पाठवा’ म्हटलं असेल आणि तो व्हॉट्सॲपवर गेला असेल. कागदावर यादी करा. जेवढं वाटतं त्याहून ती पुष्कळ लहान निघेल, आणि शोधायचं काय ते नेमकं कळेल.

तो ड्राइव्ह घरात ‘बॅकअप’ म्हणून ओळखला जायचा, असं तुम्ही सहज लिहून गेलात. कशाचा बॅकअप? रेकॉर्डरमधून तिथे हलवलं आणि रेकॉर्डर रिकामा केला, तर तो बॅकअप नव्हे, ती एकुलती एक प्रत. फक्त जागा बदललेली. आता सव्वाचार जीबी एवढंच असेल तर ते पंधरा जीबीच्या मोफत गुगल ड्राइव्हवर बसतं, एका पेनड्राइव्हवर बसतं, तुमच्या पुण्याच्या लॅपटॉपवर बसतं. नानांकडे एक, तुमच्याकडे एक, नेटवर एक. सेट-टॉप बॉक्सला यापुढे रिकामा पेनड्राइव्हच लावा, आणि तोही दुसऱ्या रंगाचा.

शेवटचं, आणि हे शनिवारपर्यंत थांबणारं नाही. नानांचा तो व्हॉइस रेकॉर्डर अजून चालतो का? त्यावरून रेकॉर्डिंग ‘उडवली’ तरी आतल्या मेमरीत ती बरेचदा तशीच पडून असतात, नवं काही रेकॉर्ड होईपर्यंत. अलीकडची काही माणसं तिथेच सापडू शकतील. पण नाना थांबणारे दिसत नाहीत. या आठवड्यात एखाद्याच्या ओसरीवर बसून ते बटण दाबायचेच. बाकीचं नंतर सांगा, पण रेकॉर्डर बंद करून कपाटात ठेवायला सांगणारा फोन आत्ता करा.